मुंबई ते लंडन, आणि पुढे भुसावळ

मुंबईहून लंडन किती लांब? विमानमार्गाने सुमारे ७,२०० किलोमीटर. बोटीने जाणाऱ्यांना पूर्वी दोन-तीन आठवडे लागत. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे पहिले विमान मुंबईहून निघाले, ते कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत लंडनला पोहोचले. आता थेट विमान नऊ-दहा तासांत जाते.

आमची पुतणी लंडनच्या एका इस्पितळात नर्स आहे. ती गेल्यापासून आमच्या भुसावळच्या घरात हे आकडे लहानथोरांना पाठ झाले आहेत. जाताना वेळ जास्त लागतो, येताना कमी, हेही आम्हाला तिच्यामुळेच कळले. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते विमानाच्या तोंडावर येतात, परतताना पाठीशी असतात. तासाभराचा फरक त्यानेच पडतो. शिवाय लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार.

गेल्या हिवाळ्यात आमची आई रात्री नऊला वारली. तेव्हा लंडनला दुपारचे साडेतीन वाजले होते. पोरगी फोनवर एवढेच म्हणाली, "काका, आजीला थांबवा. मी निघते."

वडीलधारी मंडळी म्हणाली, एवढा वेळ मयत ठेवू नये. कोणी म्हणाले, नऊ तासांचे तर विमान आहे, सकाळी येईलच. तेव्हा आम्ही कागद घेऊन हिशेब मांडला. तिच्या खोलीपासून विमानतळ दोन तास. तेथे तीन तास आधी हजेरी. विमान नऊ तास. मुंबईत उतरून सामान घेऊन बाहेर पडायला दीड तास, स्टेशन गाठायला एक तास, गाडीची वाट पाहण्यात तीन तास. मुंबई ते भुसावळ सुमारे ४४० किलोमीटर, गाडीने साडेसात तास. एकूण सत्तावीस तास! सात हजार किलोमीटरला नऊ तास आणि साडेचारशेलाही जवळजवळ तेवढेच.

कागद पाहून मंडळी गप्प झाली. थंड पेटी भाड्याने आणली. वस्तीतल्या बायका आळीपाळीने आईजवळ बसल्या. दुसऱ्या रात्री साडेबाराला पोरगी दारात आली, आणि सकाळी तिच्या हातचे पाणी आईच्या ओठांना लागले.

आज आपली मुले-मुली दुबई, दोहा, लंडन अशी दूरदूर कामाला जात आहेत. त्यांच्या तिकिटावर दोन विमानतळांमधले तास तेवढे छापलेले असतात. घरापासून घरापर्यंतचे तास आपणच मोजून, कोणती गाडी केव्हा मिळते हे लिहून, कागद घरात लावून ठेवावा. तिकिटापुरते पैसेही बाजूला काढावेत. दुःखाच्या वेळी हिशेब सुचत नाही.