ड्रॅगनला टेकडीवर परत बसव

वर्धा,
पोळ्यानंतरचा रविवार

चि. भाचीबाईस,


तुझं पाकीट मिळालं. गोष्ट वाचली आणि खरं सांगते, राग आला. उन्हाळ्यात तू कच्ची वही वाचायला दिली होतीस, ती गोष्ट कुठे गेली? तिच्यात गिरडच्या टेकडीवर सर्दीनं बेजार झालेला ड्रॅगन होता. या सुधारलेल्या प्रतीत त्याच्या जागी एक शहाणी खार आली आहे आणि शेवटच्या पानावर ती मुलांना हात धुवायला सांगते. दुसरीतली मुलं ही गोष्ट वाचतील, पाठही करतील, पण घरी जाऊन कोणाला सांगणार नाहीत.

तू लिहितेस, मुख्याध्यापक म्हणाले की ड्रॅगन आपला नाही, सेवाग्रामच्या जिल्ह्यात हे काल्पनिक कशाला. एका पालकांनी विचारलं की यातून मुलं शिकणार काय. आणि एवढ्यावर तू खोडरबर घेतलंस! आजोबांच्या चिंचेच्या भानगडीत सगळ्या घराशी एकटी भांडलेली मुलगी ती तूच ना?

ड्रॅगन आपला नाही, हे मला कबूल नाही. गिरड तर तुझ्या समुद्रपूर तालुक्यातलंच. शेख फरीदबाबांची चेष्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा नारळांसकट सगळा माल बाबांनी दगड करून टाकला, ही गोष्ट तिथल्या लेकरालेकराला ठाऊक आहे. टेकडीवरचे ते गोलगोल दगड लोक आजही खिशातून आणतात. ज्या टेकडीवर नारळाचे दगड होतात, तिथे एक ड्रॅगन शिंकला तर कोणाचं काय बिघडतं? आणि हिंगणघाटाहून पुढे वरोऱ्याकडे गेलं की पिसदुरा लागतं. लांब मानेच्या, पाला खाणाऱ्या अजस्र डायनासोरांची हाडं तिथे सापडली आहेत, आणि दगड झालेलं त्यांचं शेणसुद्धा. त्या शेणात गवताचे अंश मिळाले, ते संशोधन 2005 साली प्रसिद्ध झालं. डायनासोरांच्या काळात गवत होतं, हे जगाला आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या शेणानं दाखवलं! वर्गात हे एकदा सांगून बघ. ड्रॅगन परका आहे असं एकही मूल म्हणणार नाही.

सेवाग्रामचं नाव पुढे करणाऱ्यांना देवीप्रसादांची आठवण दे. 1937 च्या ऑक्टोबरात इथे वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, नई तालीम उभी राहिली, टकळी आली, शेती आली. एवढंच सगळे सांगतात. पण शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद 1944 पासून सेवाग्रामच्या मुलांना चित्रकला शिकवत होते आणि मुलांच्या चित्रांना त्यांनी केवढा मान दिला! कला हा शिक्षणाचा पाया आहे, असं मानणारा माणूस त्या आश्रमाच्या शाळेत होता. गिजुभाईंचंही तसंच. ते माँटेसरीबाईंच्या वाटेनं चालणारे. बाईंना लहान मुलांसाठी परीकथा पसंत नव्हत्या. तरी गिजुभाईंनी भावनगरच्या बालमंदिरात मनसोक्त गोष्टी सांगितल्या आणि गोष्ट कशी सांगावी यावर पुस्तकच लिहिलं. आणि भयाला हसणं आपल्याला नवं आहे का? परवाच नागपुरात मारबत निघाली, बडगे निघाले, आणि बापाच्या खांद्यावर बसलेली पोरं त्या अक्राळविक्राळ सोंगांना हसत होती. मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधली प्रभावळकरांची चेटकीण पाहायला मुलं भिण्यासाठी जात नव्हती.

पण माझं खरं म्हणणं निराळंच आहे आणि ते तू नीट ऐक. नुकतं वाचायला लागलेलं मूल एकेक अक्षर सोडवतं. वाक्याच्या शेवटाशी येईपर्यंत सुरुवात विसरून जातं. विनोद कळायचा तर आधीचं लक्षात ठेवावंच लागतं. म्हणून मूल एकटं वाचताना मध्येच खुदकन हसलं, की समजावं याला वाचता आलं. दुसरी कुठलीही परीक्षा मला इतकी खात्रीची वाटत नाही. प्रश्नांची उत्तरं शेजारच्याचं बघून देता येतात, धडा न समजता घडाघडा म्हणता येतो. हसू उसनं आणता येत नाही.

तुझ्या जुन्या वहीत हे तुला आपसूक साधलं होतं. आजी गोवऱ्या रचते. रोडगे वळून ठेवते. काडेपेटी ओली. ड्रॅगनचं नाक हुळहुळायला लागतं. आजी ओरडते, “थांब ना बाप्पा, माहा पदर जयते!” पान संपलं. पान उलटलं की एकच वाक्य: “रोडगे झाले.” आणि चित्रात काळाठिक्कर पदर धरून आजी, शेजारी लाजलेला ड्रॅगन. शिंक कुठे लिहिलेलीच नाही! ती मुलानं स्वतः ओळखायची. ते दोन पानांमधलं अंतर मूल एकटं ओलांडतं, बाईंनी न सांगता, चित्रानं आधी चोंबडेपणा न करता. आणि नव्या प्रतीत काय? खार काडेपेटी आणून देते, रोडगे भाजले जातात आणि “हे पाहून सर्वजण हसू लागले.” अगं, गोष्टीतले सगळे हसले की वाचणाऱ्याला हसायला उरतं काय?

आजीची भाषाही तू धुऊन पुसून टाकलीस. “अरे, माझा पदर जळेल” असं तुमच्या गावातली कुठली आजी म्हणते? कानावर रोज पडणारा शब्द मूल दोन अक्षरांत ओळखतं, पुढचं त्याला सोडवावं लागत नाही. प्रमाणभाषा बाकीच्या पानांवर आहेच, ती येईल. आणि ‘ड्रॅगन’ जोडाक्षर म्हणून अवघड, हे कारण तर मला देऊच नकोस. जो हवाहवासा वाटतो त्याचं नाव मुलं कसंही वाचतात. डॉ. स्यूस या लेखकानं 1957 साली टोपीवाल्या मांजराचं पुस्तक जेमतेम 236 निरनिराळ्या शब्दांत लिहिलं. शब्द मोजके होते, पण मांजर घरभर धुमाकूळ घालत होतं! रूथ स्टाइल्स गॅनेटच्या 1948 च्या पुस्तकात पोरगा ड्रॅगनच्या पिल्लाला सोडवायला तलवार नेत नाही, टूथब्रश, कंगवा आणि लॉलीपॉप नेतो. वाक्यं सोपी ठेवायची, प्रसंग मिळमिळीत करायचा नाही. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. वाक्यं लांबलचक, वर तात्पर्य.

तुझ्यावरचं दडपण मला कळतं. 2021 साली ते निपुण भारत अभियान आलं, मिनिटाला किती शब्द ते मोजायचं. मोजा, मोजायलाच हवं. 2022 च्या ‘असर’ पाहणीत देशातल्या खेड्यापाड्यांतल्या तिसरीच्या मुलांपैकी फक्त 20.5 टक्क्यांना दुसरीचा उतारा वाचता आला, हा आकडा वाचून मला घास गेला नव्हता. पण आधी वाचन पक्कं होऊ दे, मग गंमत, हा क्रम कोणी ठरवला? गमतीवाचून ते पक्कं होणार कसं? पुस्तकं फाटतील म्हणून कपाटाला कुलूप लावणाऱ्यांतली तू नव्हेस. फाटू देत. फाटलेलं पुस्तक वाचलेलं असतं.

आता ज्यानं माझी झोप उडवली ते. धाकट्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, की तो हल्ली पुस्तक हातात घेत नाही आणि रात्री दचकून उठतो. हे कधीपासून? घरीही तू मोबाइलवर घड्याळ लावून त्याच्याकडून वाचून घेतेस असं तुझी आई फोनवर म्हणाली. खरं आहे का ते? तसं असेल तर आजच बंद कर. वर्गात तू बाई आहेस, घरी त्याची आई हो. तो ओठ हलवत वाचतो, हलवू दे. बोट ठेवतो, ठेवू दे. पलंगाखाली आडवा पडून वाचत असेल तर डोळ्यांपुरता उजेड आहे ना तेवढं बघ आणि निघून जा. ‘काय शिकलास’ विचारू नकोस. आणि ताप, पोटदुखी असं काही नाही ना? जंत झाले असतील. डॉक्टरांना दाखवलंस का? तूही दमलेली दिसतेस. अक्षर किती बारीक झालंय तुझं! जामच्या चौरस्त्यावरून गाडी जपून काढत जा, ते ट्रकवाले बघत नाहीत.

शनिवारी शाळा सकाळची असते ना? दुपारच्या एसटीनं त्याला घेऊन सरळ इकडे ये, रविवारी जा. येताना जुनी वही आण, नवी प्रत नको. फेकून दिली असशील तर हे पत्र मिळताच फोन कर. रोडग्यांची ती दोन पानं मला तोंडपाठ आहेत, बाकीची आठवतील तशी आजपासून लिहायला घेते.

तुझी,
मावशी