बाराचे विभाजक आणि अण्णा

मराठीच्या अध्यापकाने गणितात लुडबुड करू नये, असा एक अलिखित संकेत आमच्या शिक्षककक्षात आहे आणि तो मी कित्येक वर्षे इमानाने पाळला. मोडला तो एका दुपारी, परीक्षेचे पर्यवेक्षण आटोपल्यावर चहाची वाट पाहत असताना. समोर बसलेले गणिताचे सहकारी एका बाद पुरवणीच्या पाठीवर आकृती काढत होते. खाली १, वर १२, मध्ये २, ३, ४, ६ आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. मी सहज विचारले, "हे काय, सर?" ते म्हणाले, "द्वैत."

द्वैत म्हटले की आम्हा मराठीवाल्यांच्या मनात मध्वाचार्य उभे राहतात, किंवा अमृतानुभवाच्या आरंभीचे शिवशक्तीचे जोडपे. गणितातल्या द्वैताचा त्यांच्याशी संबंध नाही, हे प्रथमच सांगून टाकते. नाहीतर आपल्याकडे असल्या शब्दसाम्यावर प्रबंध लिहिले जातात. इथली कल्पना पुष्कळ साधी आहे. एखादी रचना थेट पाहायची नाही. तिला विचारता येण्याजोगे सगळे योग्य प्रश्न गोळा करायचे, आणि त्या प्रश्नांच्या समुदायावरून मूळ रचना जशीच्या तशी परत उभी करता येते का, ते तपासायचे.

बाराचे विभाजक सहा: १, २, ३, ४, ६, १२. त्यांच्यात दोन क्रिया चालतात, शाळेत आपण सर्वांनीच घोटलेल्या लसावि आणि मसावि. आता प्रश्न असा हवा की ज्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असेल आणि जो ह्या क्रियांचा मान राखील. दोन संख्यांच्या मसाविचे उत्तर 'हो' यावे ते दोघींचेही 'हो' असेल तेव्हाच. लसाविचे उत्तर 'हो' यावे ते निदान एकीचे 'हो' असेल तेव्हाच. शिवाय १ ने 'नाही' म्हणावे, १२ ने 'हो'. "दोनाने भाग जातो का?" हा प्रश्न ह्या कसोटीला उतरतो. "सहाने भाग जातो का?" हा उतरत नाही, कारण २ ही नाही म्हणते, ३ ही नाही म्हणते, आणि त्यांचा लसावि ६ मात्र हो म्हणून बसतो. अशी चाळणी लावली की तीनच प्रश्न उरतात: दोनाने भाग जातो का, चाराने जातो का, तिनाने जातो का. प्रत्येक विभाजक म्हणजे ह्या तीन प्रश्नांची एकेक उत्तरपत्रिका.

"मग उत्तरपत्रिका किती होतील?" सरांनी मला परीक्षेला बसवले. तीन प्रश्न, प्रत्येकी दोन उत्तरे, म्हणजे आठ, असे मी म्हटले. "आणि विभाजक सहा. मग वरच्या दोन कोण?"

चाराने भाग जातो पण दोनाने जात नाही, असे म्हणणाऱ्या त्या दोन. एक तिनाला हो म्हणते, एक नाही म्हणते. अशी संख्या अस्तित्वातच नाही; पण प्रश्न सुटे ठेवले तर तिला हाकलून देण्याचे कारण कोठेच सापडत नाही. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे निर्दोष आहे. ह्या शाखेतले लोक अशा उपऱ्या घटकाला भूत म्हणतात; हा सरांचा विनोद नव्हे, शोधनिबंधांतला शब्द आहे. भूत उतरवण्याचा उपाय एकच. प्रश्नांच्या समुदायावर प्रश्नांमधला संबंधही नोंदवायचा: चारला हो म्हणाल तर दोनला हो म्हणावेच लागेल. तेवढी एक रेघ ओढली की आठातले दोन गळतात आणि नेमके सहा उरतात.

चहा आला तेव्हा मी अण्णांच्या स्मरणिकेचा विचार करत होते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, तालुक्याच्या गावी माध्यमिक शिक्षक होते. ते गेल्यावर वर्षश्राद्धाला आम्ही भावंडांनी एक छोटी पुस्तिका काढली. सामग्री जमवण्याचे काम अर्थातच मराठी शिकवणाऱ्या मुलीकडे आले. मी वहीत प्रश्न लिहून घेतले आणि एकेकाकडे जाऊन उत्तरे उतरवून आणली: त्यांचे सहकारी, दोन जुने विद्यार्थी, शेजारचे काका, माझी आत्या. मुद्दाम प्रत्येकाला एकेकटे गाठले, म्हणजे कोणी कोणाच्या दडपणाखाली बोलू नये. ही माझी संशोधनपद्धती, आणि तिचा मला अभिमानही होता. त्यातून दोन वाक्ये स्मरणिकेत ठळक छापली गेली. पहिले त्यांच्या सहकाऱ्यांचे, की गुरुजींनी उभ्या आयुष्यात कोणापुढे हात पसरला नाही. दुसरे आत्याचे, की १९९९ साली माझ्या धाकट्या भावाच्या अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी त्याने दोन एकर जमीन विकली. वाचणाऱ्यांचे डोळे पाणावले. माझेही.

पुस्तिका हाती पडल्यावर आठवड्याने आत्याचा दूरध्वनी आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ती म्हणाली, "अगं, हात पसरला होता त्यानं. माझ्याचपुढे. मी नाही म्हटलं, म्हणून जमीन गेली."

त्या दिवशी मी ते एक खाजगी दुःख म्हणून बाजूला ठेवले होते. शिक्षककक्षात मात्र ती आकृती पाहताना पुस्तिकेत नेमके काय घडले होते ते उघड झाले. जमीन विकणे हा माझा चाराचा प्रश्न होता आणि हात पसरणे हा दोनाचा. अण्णांच्या बाबतीत पहिल्याला हो म्हणायचे तर दुसऱ्याला हो म्हणणे भाग होते, कारण त्यांनी आधी बहिणीकडे मागून पाहिल्यावाचून वडिलोपार्जित जमिनीला हात लावला नसता. सगळ्यांनी आपापल्या माहितीप्रमाणे खरेच सांगितले. साक्षींमधली रेघ मी पुसली, कारण मी त्यांना कधी एकत्र बसवलेच नाही. जो माणूस छापून निघाला तो मानी होता, त्यागी होता, आणि तो कधीच जन्मलेला नव्हता.

त्यानंतर मी सरांच्या मागे लागले. त्यांनी सांगितले त्यातले मला झेपले तेवढे लिहिते. ह्या विचाराचा मोठा टप्पा १९३६ सालचा, मार्शल स्टोन ह्यांचा. 'आणि', 'किंवा', 'नाही' ह्यांच्या बूलीय बीजगणिताची कोणतीही रचना तिला विचारायच्या प्रश्नांच्या अवकाशावरून परत मिळते, हे त्यांनी दाखवले. रचना सान्त असेल तर तिथे रेघांची गरजच पडत नाही. बाराऐवजी तीस घेतले असते तर दोन, तीन, पाच हे प्रश्न एकमेकांपासून पूर्ण मोकळे. आठ उत्तरपत्रिका आणि विभाजकही आठच, भुताला जागाच नाही. रचना अनन्त झाली की मात्र प्रश्नांची एकमेकांशी जवळीक, म्हणजे टोपॉलॉजी, लागतेच. बारासारख्या सान्त रचनांचा विचार गॅरेट बर्कहॉफ ह्यांनी १९३० च्या दशकात केला, आणि अनन्त रचनांसाठी टोपॉलॉजी व क्रम ह्यांची सांगड हिलरी प्रीस्टली ह्यांनी १९७० मध्ये घातली. जाता जाता: स्टोन हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या सरन्यायाधीशांचे चिरंजीव. त्यांनी वकिली शिकावी अशी घरची अपेक्षा होती, आणि ते वारले १९८९ साली, आपल्या मद्रासमध्ये.

मला खरी गुंतवून गेली ती पुढची गोष्ट. ब्रायन डेव्ही आणि हाइनरिख वेर्नर ह्यांनी १९८३ च्या एका निबंधात प्रश्न सरसकट केला: हो-नाहीच्या जागी कोणतीही सान्त रचना उत्तर म्हणून धरा, अशा उत्तरांवरून मूळ वस्तू परत मिळेल का? त्यांनी दाखवले की त्या रचनेत लसावि-मसाविसारख्या दोन क्रिया असतील तर प्रश्नांमधले संबंध दोन-दोनांचे तपासले तरी पुरते. तिघांना, दहांना एकत्र बसवावे लागत नाही. प्रत्येक जोडी समोरासमोर बसवली की भूत उरत नाही. हे ऐकून मला विलक्षण हळहळ वाटली. दोन माणसे एका ओसरीवर बसवणे माझ्याच्याने अशक्य नव्हते. सहकारी आत्याच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर राहतात.

पण उत्तर नेहमीच होकारार्थी नसते. तीच दोन उत्तरे, हो आणि नाही, घेतली आणि त्यांच्यावर केवळ 'जर-तर' ही एकच क्रिया ठेवली, तर हा सगळा डोलारा कोसळतो. त्या क्रियेवर उभारलेल्या काही अनन्त रचनांत, दोन-दोन नव्हे, वाटेल तितके प्रश्न एकत्र बसवून त्यांचे सर्व संबंध नोंदवले, तरी भूत राहतेच. सरांनी सिद्धता सांगायला घेतली. मी हात जोडले. सगळीच कोडी समोरासमोर बसवून सुटत नाहीत, एवढे मात्र मनात राहिले. आत्या गेली काही वर्षे केवळ जर-तरच्या भाषेत बोलते. मी हो म्हटले असते तर जमीन राहिली असती. जमीन राहिली असती तर तो पुन्हा माझ्या दारात आला असता. ह्यातले खरे-खोटे कोणाच्या साक्षीने ठरवायचे?

स्मरणिकेच्या चाळीसेक प्रती अजून माळ्यावर आहेत. भावाचे म्हणणे, शुद्धिपत्र चिकटवून टाकू. मी ते लिहूनही ठेवले आहे, एकच वाक्य आहे. ते छापले की अण्णांचे भूत उतरेल आणि गावभर आत्याचे नाव होईल. ती ऐंशीची आहे. दूरध्वनीवर तिने ते सांगितले तेव्हा हे छापावे म्हणून सांगितले की छापू नये म्हणून, हे मी विचारले नव्हते. दिवाळीत जाणार आहे तिच्याकडे.