टिटवीचा फोटो

माझी आणि पाखरांची पहिली ओळख गोफणीतून झाली. आमचं गाव उत्तर सोलापूर तालुक्यातलं, नान्नजपासून सायकलीच्या अंतरावर. रब्बीची ज्वारी हुरड्यात आली की वडील मला माळ्यावर चढवायचे. हातात गोफण, शेजारी खड्यांचा ढीग. दिवसभर ओरडून चिमण्या, साळुंक्या, पोपट हाकायचे. दहावी होईपर्यंत हे काम माझ्याकडंच होतं. पाखरू म्हणजे चोर, एवढीच त्या वेळची समज.

एका पाखराला मात्र सूट होती. टिटवीला. ती दाण्याला तोंड लावत नाही, किडं-मुंगी वेचते. ज्वारी निघाली, रान मोकळं झालं की ती उघड्या जमिनीवर चार खडं गोळा करून त्यात अंडी घालती. अंडी मातीच्या रंगाची, वर काळपट ठिपकं. पायाखाली येईपर्यंत कळत नाहीत. वडील कुळव हाणताना टिटवी वरडली की बैल थांबवायचे, अंडी हुडकायचे आणि तेवढा तुकडा सोडून कुळव वळवायचे. म्हणायचे, "तिनं आपल्या भरवशावर घातल्यात." पुढं मीही तेच केलं. बैल गेले, ट्रॅक्टर आला, तरी चाळीस वर्षं मी टिटवीच्या अंड्यावरनं औत नेलं नाही.

एकसष्टाव्या वर्षी माझ्या हातात कॅमेरा आला. थोरला मुलगा पुण्यात असतो. त्यानं नवा घेतला आणि जुना मला दिला. सोबत सत्तर ते तीनशेची लेन्स. आधी परसातच शिकलो. जास्वंदीवरचा बुलबुल, डाळिंबाच्या फुलावर लोंबकळणारा शिंजीर, न्हाणीच्या पाण्यावर येणाऱ्या चिमण्या. पहिलं महिनाभर फांदी स्वच्छ यायची आणि पाखरू धुरकट. मुलगा फोनवर सांगायचा, "तात्या, फोकस डोळ्यावर ठेवा. उडतं पाखरू असलं तर शटर हजाराच्या वर न्या. आणि उभं राहून काढू नका, त्याच्या उंचीला या." ह्या वयात मी मातीत पालथा पडून चिमणी बघायला लागलो. बायको म्हणाली, "आवं, गुडघं दुखत्यात म्हणून देवळात मांडी घालून बसत न्हाई, आन हितं लोळताय!"

एक गोष्ट मात्र मला कुणी शिकवावी लागली नाही. शेतकऱ्याला पाखरं भीत नाहीत. मी ट्रॅक्टरनं पाळी घालतो तेव्हा बगळे, कोतवाल, साळुंक्या मागं मागं येतात. उकरलेल्या मातीतले किडे त्यांना पाहिजे असतात. ट्रॅक्टरवर बसून काढलेले माझे फोटो बघून मुलाचे मित्र चकित व्हायचे. मला त्याचा माज चढला, हे कबूल करतो.

पुढच्या एप्रिलात वरच्या तुकड्यात टिटवीनं चार अंडी घातली. नेहमीसारखी पाळी वळवली. पण ह्या वेळी मनात आलं, असा फोटो काढू की सगळे बघत राहतील. घरट्यासमोर एक ढेकूळ आणि दोन-तीन धसकटं आडवी येत होती. ती मी उचलून बाजूला टाकली. दहा-बारा पावलांवर पालथा पडलो. तेव्हा बाराचा सुमार असेल. टिटवी वर घिरट्या घालत 'टिटिव-टिव' वरडत होती, जमिनीवर उतरायची, दोन पावलं यायची, परत उडायची. मी म्हणालो, येईल की. दीड तास मी तिथंच होतो. शेवटी ती आली. एक पाय उचलून, चोच उघडून, पंख थोडे पसरून अंड्यांवर उभी राहिली. डोळा लख्ख, डोळ्यापुढचा तांबडा लोळ लख्ख. मी सात फोटो घेतले.

त्यातला एक मुलानं मोठा करून, चौकट घालून पाठवला. सोप्यात लावला. आला-गेला बघायचा आणि वाहवा करायचा.

टिटवीची अंडी उबायला चार आठवडे लागतात. त्या जोडीनं सहा आठवडे उब दिली. रोज मी लांबनं बघायचो, एक बसलेली असायची. मग एक दिवस दोघंही नव्हती. जाऊन अंडं उचललं तर हलकं, वास येणारं. एक फुटलं. आत पिल्लू तयार होत आलेलं होतं, चोचीपर्यंत.

सोलापूरचं एप्रिलातलं ऊन सांगायला नको. अनवाणी पाय ठेवता येत नाही अशा जमिनीवर ती अंडी असतात. टिटवी दुपारी अंड्यावर बसती ती ऊब द्यायला नव्हे, सावली द्यायला. पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येती आणि अंडी गार करती. हे मी लहानपणापासून बघत आलेलो माणूस. चोच उघडून, पंख पसरून ती उभी होती त्याला मी 'पोज' समजलो. ती सावली करत होती, दीड तास उशिरा.

बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "पोरं जित्ती न्हाईत आन आईचा फोटू भिंतीला?" मी उठून चौकट काढली आणि ट्रंकेत ठेवली.

आमच्या भागात माळरानाचे फोटो काढायला पुण्याहून एक म्हातारे फोटोग्राफर यायचे. त्यांना मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, म्हणाले, "तात्या, म्हणूनच आम्ही घरट्यावरचे फोटो सोडले. पुष्कळ स्पर्धांमध्ये आता ते घेतच नाहीत. पाखरानं आपल्यामुळं काम सोडलं की आपला फोटो चुकला, मग तो कितीही चांगला येऊ दे."

त्यांनीच मला दोन माणसांची गोष्ट सांगितली. एक एफ. डब्ल्यू. चॅम्पियन. इंग्रजांच्या काळात उत्तरेतल्या जंगलात वनाधिकारी. त्या वेळी साहेब लोक वाघाच्या अंगावर पाय ठेवून फोटो काढायचे. ह्यानं वाघाच्या वाटेवर बारीक तार बांधली. वाघाचा पाय लागला की कॅमेरा आपोआप उडायचा. रात्रीचे जिवंत वाघ त्यानं असे टिपले आणि १९२७ साली पुस्तक काढलं. दुसरे आपले मुंबईचे नयन खानोलकर. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेच्या वस्तीत, गल्लीतून रात्री जाणारा बिबट्या त्यांनी टिपला. २०१६ साली लंडनच्या मोठ्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत त्याला शहरी विभागाचं बक्षीस मिळालं. गल्लीत नेहमी जेवढा उजेड असतो तसाच दिसेल असे दिवे लावून ते चार महिने थांबले. बिबट्या त्याच्या वाटेनं आला आणि त्याच्या वाटेनं गेला.

मी दीड तासाला धीर म्हणत होतो.

आणि लांब कशाला जायचं? नान्नजचा माळढोक आमच्या डोळ्यांदेखत कमी झाला. १९७९ साली अभयारण्य झालं तेव्हा आम्हाला वाटलं होतं, आता हे पाखरू राहील. आज देशभरात मिळून शे-दीडशे उरलेत म्हणतात, आणि आमच्याकडं दिसला तर नशीब. तोही टिटवीसारखा जमिनीवरच अंडं घालतो, एका वेळी बहुतेक एकच. माळ नांगरले गेले, तारा आल्या, कुत्री वाढली. त्यात आम्हा शेतकऱ्यांचाही वाटा आहे. पण ज्या पाखराचं एकच अंडं, तिथं माझ्यासारखा एक हौशी दुपारचा जाऊन पडला तर काय होईल, हे आता मला कुणी सांगायला नको.

दोन वर्षं मी कॅमेरा हातात घेतला नाही. यंदा त्याच तुकड्यात पुन्हा टिटवी बसली. मी पाळी वळवली. अंडी घालायच्या आधीपासून बांधावर कडब्याची कोपी होती, घरट्यापासून साठ पावलांवर. तिच्यात सकाळी उजाडायच्या आत जाऊन बसायचो आणि ऊन तापायच्या आधी निघायचो. मी आलो-गेलो तरी टिटवी वरडली नाही. अठ्ठाविसाव्या दिवशी तिथं चार कापसाच्या बोंडांसारखी पिल्लं हलत होती, आणि दुसऱ्या दिवशी धसकटातनं पळत होती.

मी एक फोटो काढला. त्यात नुसतं रान आहे, मधोमध एक ठिपका. नातवानं बघून विचारलं, "तात्या, ह्यात टिटवी कुठाय?" मी बोट ठेवून दाखवली. मग पिल्लं दाखवली. तिसरं सापडलं, चौथं आम्हा दोघांनाही सापडेना. नातू अजून शोधतोय.