बावीस हजार फुटांवरचा भाडेकरू

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटची. वेलांट्या चुकल्या असतील तर संपादकांनी बघून घ्यावं.

सबमिशनच्या रात्री माझ्या ड्रॉईंग शीटवर एक उड्या मारणारा कोळी आला. रूममेटने चप्पल उचलली. तेवढ्यात तो गर्रकन वळला आणि पुढचे दोन मोठे डोळे आमच्यावर रोखून बघत बसला. (एकूण आठ असतात, पण मोजायला ती थांबली नाही.) हे कोळी शिकारीसाठी जाळं विणत नाहीत, नेम धरून झडप घालतात. चप्पल खाली गेली. मी मात्र दुसऱ्या दिवशी लायब्ररीत एम-थ्री बाजूला ठेवून कोळीच वाचत बसले, आणि तिथे त्याचा हिमालयातला भाऊबंद भेटला.

१९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेतले डॉक्टर हिंग्स्टन यांना साधारण २२,००० फुटांवर, म्हणजे ६,७०० मीटरवर, बर्फाने वेढलेल्या खडकांत हे कोळी दिसले. लांबी जेमतेम चार-पाच मिलिमीटर! दगडांच्या फटी हेच घर. १९७५ मध्ये वॅनलेस यांनी त्याचं रीतसर बारसं केलं: युओफ्रिस ऑम्निसुपरस्टेस, म्हणजे सगळ्यांच्या वर उभा असलेला. आमच्या बॅचच्या टॉपरलाही चालेल.

पण हा तिथे खातो काय? आसपास गवताची काडी नाही. हिंग्स्टनना वाटलं, एकमेकांनाच खात असावेत. थर्मोडायनॅमिक्स शिकलेल्याला हे कसं पटावं? अशाने शेवटी एकच जाडा कोळी उरेल, आणि तोही उपाशी! खरं उत्तर पुढे लॉरेन्स स्वान यांनी दिलं. वारा! खालच्या दऱ्यांतून तो परागकण, काडीकचरा वर आणून टाकतो. त्यावर बारीक किडे जगतात आणि किड्यांवर हे कोळी. म्हणजे मेस खालून चालते.

इथे माझं वाचन थांबलं. माझाही डबा दर रविवारी चिपळूणहून एसटीने घाट चढून येतो. आणि दोन केट्या लागल्यात हे मी घरी सांगितलेलंच नव्हतं.

त्या रविवारी डबा हातात घेऊन स्टँडवरूनच फोन लावला. सांगून टाकलं. आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "डबा सरळ धर, लोणच्याचं तेल सांडेल. बाबांना मी सांगते."

कोळी अजून खिडकीतच आहे. रूममेट हल्ली त्याला 'सर' म्हणते.