साखळीला बांधलेली बंदूक

प्रिय सायली,

नेमबाजीच्या राज्य स्पर्धेचा निकाल दादानं कळवला. पालथं पडून, प्रोनमध्ये झकास झालं, उभ्यानं मात्र मार खाल्लास म्हणे. ते तू आणि तुझे सर बघून घ्या. मला उत्तर द्यायचंय ते माझ्या जुन्या बंदुकांचे फोटो पाहून तू मारलेल्या टोमण्याला. ‘काका, एवढे डॉलर घालून हे भंगार कशाला गोळा करता? पन्नास मीटरवर यानं काय लागणार?’

पन्नास मीटरवर काही लागणार नाही. तशी कुणाची अपेक्षाही नव्हती. या बंदुका अमेरिकेतल्या जत्रांमध्ये आणि समुद्रकाठच्या करमणुकीच्या बाजारात, शूटिंग गॅलरीच्या फळीवर पडून असायच्या. पुष्कळ ठिकाणी साखळीनं बांधलेल्या, म्हणजे गिऱ्हाइकानं उत्साहाच्या भरात नळी भलतीकडे वळवू नये. समोर काही पावलांवर ओतीव लोखंडाची बदकं, ससे, घुबडं आणि तारे साखळीवरून सरकत जायचे. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला विल्यम मँगल्स नावाचा जर्मनीहून आलेला कारागीर होता. लाकडी घोड्यांची चक्रं, पाळणे आणि या गॅलऱ्या, सगळं त्याच्या कारखान्यात बनायचं. आज गंमत अशी की त्याच्या बदकांना लोककला म्हणून मान मिळालाय. एखादं मोठं, हलत्या भागांचं लोखंडी लक्ष्य त्याच्यावर झाडल्या गेलेल्या बंदुकीपेक्षा महाग जातं. मार खाणाऱ्याची किंमत मारणाऱ्यापेक्षा जास्त झालेली मी दुसरीकडे कुठं पाहिलेली नाही.

माझ्याकडची थोरली म्हणजे विंचेस्टर 1890. युटा राज्यातल्या ऑग्डेनचे जॉन आणि मॅथ्यू ब्राउनिंग या भावांच्या डोक्यातून ती निघाली, न्यू हेवनच्या कारखान्यात घडली आणि 1932 पर्यंत तिचे सुमारे साडेआठ लाख नग बाहेर पडले. 24 इंचांची अष्टकोनी नळी, तिच्या पोटाशी दुसरी बारीक नळी आणि तीत .22 शॉर्टची पंधरा काडतुसं. डाव्या हाताखालचा लाकडी दांडा मागे ओढला की रिकामं कवच उडतं आणि घोडा चढतो. पुढे ढकलला की नवं काडतूस आत. चाप दाबून धरलास आणि दांडा नुसता मागे-पुढे केलास, तरी ती झाडत सुटते. तुमच्या रेंजवर असं काही केलंस तर सर तुला दारातूनच परत पाठवतील.

आणि ‘भंगार’ म्हणण्याआधी एक ध्यानात घे, ते काडतूस तुझ्याच घराण्यातलं आहे. .22 शॉर्ट 1857 सालचं, स्मिथ अँड वेसनच्या चिमुकल्या रिव्हॉल्व्हरसाठी केलेलं. तू वापरतेस ते लाँग रायफल त्याच्या नंतरचं. गोळीचा व्यास तोच, पण शॉर्टची गोळी दोन ग्रॅमसुद्धा भरत नाही. कमी दारू, कमी आवाज, धक्का जवळजवळ नाहीच. ऑलिंपिकच्या रॅपिड फायर पिस्तुलात 2004च्या अथेन्सपर्यंत हेच शॉर्ट चालायचं. गॅलरीवाल्याला ते परवडायचं, एवढाच त्याचा विचार. एक अडचण मात्र होती. शिसं लोखंडावर आपटलं की त्याचे कपचे उलटे गिऱ्हाइकाच्या तोंडावर यायचे. म्हणून कंपन्यांनी धातूची भुकटी दाबून बनवलेल्या, आपटताच चुरा होणाऱ्या गोळ्या काढल्या. रेमिंग्टननं आपल्या गोळीचं नावच ‘स्पॅटरलेस’ ठेवलं होतं.

आता तुझा खरा प्रश्न. साडेआठ लाख बंदुका बनल्या, तर मग दुर्मीळ कसल्या?

शेतकऱ्यांनी, पोरांनी, सशांमागे हिंडणाऱ्यांनी घेतलेल्या 1890 आजही गन शोच्या टेबलांवर ढिगानं दिसतात. गॅलरीत राबलेली सापडणं कठीण, कारण तिला कुणी जपलंच नाही. सकाळी सुरू झालेली बंदूक रात्री दिवे मालवेपर्यंत हातातून हातात जायची. मालकाकडे पंधरा-पंधरा काडतुसं भरलेल्या नळ्या तयार असायच्या. नाणं पडलं की नळी ओतली, पुढचं गिऱ्हाईक! काडतुसाच्या बुडाशी असलेला त्या काळचा ठिणगीचा मसाला असा होता की त्याच्या राखेत मीठ उरायचं. रोज साफ केलं नाही तर नळी आतून गंजून खड्डे पडायचे. आणि साफ करायचं म्हटलं तर गज तोंडाकडूनच घालणार, म्हणजे रोजच्या घासण्यानं नळीचं तोंडच झिजणार. नळीच्या तोंडाची कड गेली की नेम गेला, हे तुला मी सांगायला नको. अशी बंदूक दुरुस्त करण्यापेक्षा तिचे सुटे भाग काढून दुसरीला लावणं स्वस्त पडायचं. एसटीच्या जुन्या कंडक्टरांकडचे तिकिटाचे पंच आठव. हजारो होते, शोधायला जा, किती मिळतात ते.

म्हणून संग्राहकांच्या बाजाराशी माझं जमत नाही. तिथं सगळा हिशेब मूळचा निळसर-काळा मुलामा किती टक्के शिल्लक आहे यावर. पंच्याण्णव टक्के म्हणजे सोनं, वीस टक्के म्हणजे भिंतीवर टांगायची शोभा. पण पंच्याण्णव टक्क्यांची बंदूक कुणाच्या तरी कपाटात झोपून राहिलेली असते. ती फळीवर आलीच नाही. तिच्यावर प्रेम करायचं ते कशासाठी, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. आणि मग काही विक्रेते झिजलेली घेतात, नळी घासून गुळगुळीत करतात, नव्यानं काळी करतात आणि ‘मूळ अवस्थेत’ म्हणून मांडतात. ती ओळखायला सोपी. अष्टकोनाच्या धारेवरून बोट फिरव. मूळ असेल तर कड बोटाला जाणवते, पॉलिश झालेली असेल तर साबणाच्या वडीसारखी गोल लागते. स्क्रूच्या भोकाभोवती बशीसारखा खोलगटपणा येतो. कारखान्याची अक्षरं उथळ दिसतात.

उलटी लबाडीसुद्धा चालते. शॉर्टची कुठलीही 1890 दिसली की चिठ्ठीवर ‘गॅलरी गन’ लिहायचं आणि किंमत वाढवायची. वायोमिंगमधल्या कोडीच्या संग्रहालयात विंचेस्टरच्या जुन्या वह्या आहेत. ठरावीक क्रमांकांपर्यंतची बंदूक असेल तर ती गोदामातून कोणत्या तारखेला निघाली ते पत्रानं कळवतात. पण पुढं ती जत्रेत गेली की एखाद्या शेतावर, ते वहीत नसतं. ते बंदुकीकडूनच काढून घ्यावं लागतं. हातांनी रोज ओढून ओढून लाकडी दांड्यावरच्या गोल खाचा बुजलेल्या असतात. चढवण्याच्या घोड्यावरची बारीक नक्षी गुळगुळीत होते. फळीवर आपटून आपटून बूड आणि पोट उघडं पडतं. डाव्या अंगाचा मोठा स्क्रू घट्ट केला तरी नळी आणि दस्ता यांच्या जोडात किंचित हलल्यासारखं वाटतं. यातलं एखादंच असेल तर मी टेबल सोडून पुढं जातो. सगळं एकत्र आढळलं, की मग थांबतो. 1932 साली आलेल्या मॉडेल 62ची मात्र खास गॅलरीसाठीची बंदूक निघायची. तिच्या खालच्या नळीला काडतुसं भराभर ओतता यावीत म्हणून तिकोनी तोंड असतं, त्यामुळं तिथं वाद नाही.

ती 62 बनणं 1958 साली थांबलं. त्याआधीच गॅलऱ्यांचा धंदा बसत चालला होता. शिकागोच्या सीबर्ग कंपनीनं 1936 सालीच प्रकाशाच्या झोतानं उडणारं बदक आणलं होतं. त्यात ना शिसं, ना विम्याची कटकट. मग दुसऱ्या महायुद्धात काडतुसं मिळेनाशी झाली.

बंदूक म्हटलं की या देशात काय काय आठवतं, ते तू बातम्यांत पाहतेसच. शेजारणीला मी या छंदाबद्दल अवाक्षर बोललेलो नाही. सगळ्या तिजोरीत आहेत, काडतुसं वेगळ्या कपाटात. कायद्याची गंमत बघ. 1898 पर्यंत बनलेली बंदूक इथल्या केंद्रीय कायद्यानं पुराणवस्तू ठरते आणि 1899ची, अगदी तिची जुळी बहीण, बंदूकच राहते. तुझ्यासाठी तिकडं एखादी आणायचा विचार सोड. आयातीचे नियम तुमच्या क्लबातल्या मंडळींना माझ्याहून चांगले ठाऊक आहेत.

तोवर एक काम कर. त्र्यंबोलीच्या जत्रेत फुगे फोडायचा स्टॉल लागला तर तिथली छऱ्याची बंदूक हातात घेऊन नीट बघ. फुगे नंतर फोड. नळीच्या टोकावरची नेमाची माशी कुठल्या बाजूला वाकलीय, दस्ता कुठं गुळगुळीत झालाय, चाप किती ढिला आहे, ते सगळं मला लिहून पाठव. फोटोही काढ. मालक हसला तर हसू दे.

परवा आणखी एक घेतली. रेमिंग्टनची मॉडेल 12, पेडरसननं आखलेली, घोडा आत लपलेला. नळी आतून पार गेलेली, म्हणून विकणारा ओशाळला होता आणि मी मनातून खूश. कितीला पडली ते इथं लिहीत नाही. हे पत्र तुझ्याआधी दादा फोडून वाचणार, हे मला पक्कं ठाऊक आहे.

तुझा,
काका