पंखाखालची टाकी

लढाऊ विमानाची जादा टाकी आणि शिकाऊ विमानाची जादा टाकी दिसायला सारख्याच, पण दोघींचं नशीब वेगळं. लढाऊ विमानाच्या पायलटला शत्रू दिसला की तो बटण दाबतो आणि टाकी सोडून देतो. ती कुणाच्या शेतात पडली, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. शिकाऊ विमानाची टाकी गेली तशी घरी परत येते. उद्या उतरवायची, घोडीवर ठेवायची, पुढच्या महिन्यात दुसऱ्याच विमानाला चढवायची. टाकून देण्यासाठी जन्मलेली ही वस्तू आमच्या हातात वर्षानुवर्षं नांदायची, आणि तिला नांदवणं हे माझं काम होतं.

मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर होतो. भरती झाल्यावर सांबऱ्याला, म्हणजे बेळगावला, कवायत आणि शिस्त शिकलो. पुढं तांबरमला धंदा शिकलो. आणि मग बीदरला किरण विमानांवर आलो. किरण आमच्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसानं आखलेलं विमान आहे, हे मला तिथं गेल्यावर कळलं. डॉ. विष्णू माधव घाटगे. जन्म 1908, गाव हसूरचंपू. जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली हवेच्या प्रवाहाचा अभ्यास करून हा माणूस परत आला आणि बेंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये रमला. त्यांचं एचटी-2 हे पंख्याचं शिकाऊ विमान 1951 साली उडालं. पुढं घानानं 1959 मध्ये आपलं चिमुकलं हवाई दल उभं केलं, तेव्हा तिथली पोरंही याच एचटी-2 वर उडायला शिकली. त्यानंतर घाटग्यांनी जेट हाती घेतलं. 4 सप्टेंबर 1964 रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी पहिलं किरण उडवलं. गुरू आणि शिष्य शेजारीशेजारी बसतात असं हे विमान. नाक आखूड, पंख सरळ. पुढच्या किती पिढ्यांचे वैमानिक त्याच्यावर घडले. कोल्हापुरात घाटग्यांचं नाव अजून हवं तेवढं घेतलं जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

किरणचं मुख्य तेल पोटात आणि पंखांत असतं. लांबचा पल्ला असला की दोन्ही पंखांखाली प्रत्येकी 50 गॅलनची, म्हणजे सुमारे 227 लिटरची, एकेक टाकी लावायची. एटीएफ, म्हणजे विमानाचं तेल, पाण्यापेक्षा हलकं. तरी एका टाकीतलं तेल 180 किलोच्या घरात जातं. या आकड्याकडं मी नेहमी जरा थबकून बघायचो. दोन्ही बाजूंनी सारखं वजन असेल तर विमानाला ते पेलतं. एक टाकी रिकामी झाली आणि दुसरी भरलेलीच राहिली, तर एका पंखाला तेवढा भार लटकतो. वेगात असताना पायलट दांडी थोडी तिरपी धरून ते निभावून नेतो. उतरताना वेग कमी होतो, तसा पंखाच्या कडेच्या पट्ट्यांचा जोरही कमी होतो, आणि नेमकं तेव्हाच विमान जड बाजूला कलायला बघतं. मुरलेल्या पायलटच्या हाताला हे आधीच जाणवतं. सोलोवर निघालेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या कॅडेटला ते आपल्याच हाताचा दोष वाटण्याची शक्यता जास्त. म्हणून शिकाऊ विमानाच्या टाकीत कसर ठेवून चालत नाही.

आता टाकी रिकामी का होत नाही, ते सांगतो. बऱ्याच जेट विमानांत या टाकीला स्वतःचा पंप नसतो. इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून थोडी दाबाची हवा काढून टाकीत सोडतात. ती हवा तेलाला वर ढकलते आणि तेल पोटातल्या टाकीत जातं. सगळा खेळ दाबाचा. दाब निसटला की तेल जागच्या जागी. आणि दाब निसटतो कुठून? बहुतेक वेळा तेल भरायच्या झाकणातून. झाकणाच्या खाचेत रबराची एक बारीक कडी असते. ती चिरली, वाकडी बसली किंवा तिच्याखाली वाळूचा कण राहिला, तर बाहेरून तेल गळताना दिसणार नाही. हवा मात्र जाईल, आणि टाकी भरलेलीच परत येईल. मी प्रत्येक झाकण उघडून कडीवरून बोटाचं टोक फिरवायचो. डोळ्याला चीर दिसत नाही, बोटाला लागते. हिवाळ्यात पहाटे बोटं बधिर असली तर आधी काखेत धरून गरम करायची आणि मग कडीला लावायची.

पायलॉनमधून, म्हणजे टाकी जिला लटकते त्या पंखाखालच्या खुंटीतून, टाकीत जाणाऱ्या तेलाच्या नळीच्या जोडावरची ओ-रिंग याहून फसवी. नायट्राईल रबर तेलात राहिलं की फुगतं. फुगलेलं असताना ते खोबणीत घट्ट बसतं, एक थेंब बाहेर येऊ देत नाही. टाकी उतरवली, रिंग चार दिवस कोरडी पडली की ती आक्रसते, कडक होते. तीच रिंग परत लावली तर गळतीची टांगती तलवार. दिसायला चांगली असते, टाकवत नाही. आमच्या भागातल्या माणसाला तर चांगली वस्तू फेकणं पटतच नाही. माझ्या हाताखाली आलेल्या पोरांना मी जुनी रिंग काढल्याबरोबर पक्कडीनं तोडायला लावायचो, म्हणजे परत लावायचा मोहच नको.

मग स्वे ब्रेस. टाकी मधल्या हुकांना लटकते, पण नुसती लटकून भागत नाही; हवेत ती डुलते. म्हणून पायलॉनमधून दोन्ही अंगांनी स्क्रूचे पाय खाली येऊन तिच्या पाठीवर टेकतात. जोतिबाच्या चैत्र यात्रेत उंच सासनकाठी नाचवताना चारी बाजूंनी दोऱ्या धरणारी माणसं असतात ना, तसंच हे काम: एकानं जास्त ओढून चालत नाही, एकानं सैल सोडून चालत नाही. डावा स्क्रू पुरता आवळून मग उजव्याला हात घातला तर टाकी तिरकी बसते, पातळ पत्रा दबतो. थोडा हा, थोडा तो, परत हा. शेवटी टॉर्क रेंचनं मोजून मापाला आणायचं. नंतर दोन्ही तळहात टाकीच्या शेपटाकडच्या भागावर ठेवून तिला बाजूला ढकलायचं. टाकी आणि पंख एकजीव हलले पाहिजेत. टाकी वेगळी हलली तर सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून.

या जादा टाक्यांचा इतिहास वाचू लागलो तेव्हा मला सगळ्यात नवल वाटलं ते कागदी टाक्यांचं. 1943 मध्ये इंग्लंडमधून जर्मनीवर जाणाऱ्या अमेरिकन बॉम्बर्सना लांबवर सोबत करायची, तर फायटर विमानांना तेल पुरत नव्हतं. ॲल्युमिनियमची चणचण होती. म्हणून इंग्लंडमध्येच जाड कागदाचे थर सरसानं चिकटवून 108 अमेरिकन गॅलनच्या टाक्या बनवल्या. त्यांत तेल काही तासच टिकायचं, मग कागद भिजायला लागायचा. म्हणून ऐन उड्डाणाआधी भरायच्या आणि वाटेत फेकून द्यायच्या. ती फार मोठी अक्कल होती, यात शंका नाही. पण एका उड्डाणापुरतं टिकेल असं करणं आणि शंभराव्या उड्डाणालाही पहिल्यासारखं चालेल असं राखणं, या दोन वेगळ्या विद्या आहेत. दुसरीचा बोभाटा होत नाही.

टाकी लावायची कुठं, यावरही लोकांनी पुष्कळ डोकं चालवलं आहे. ब्रिटिशांच्या जेट प्रोव्होस्टला तिसऱ्या आवृत्तीपासून पंखांच्या टोकांना टाक्या आल्या. विमान देखणं दिसतं, आणि हवेत टोकावरचं वजन पंखाच्या मुळावरचा ताणही कमी करतं. पण वजन मध्यापासून जेवढं लांब, तेवढं विमान कुशीवर वळायला आणि वळणं थांबवायला आळशी. शिकाऊ विमानाला स्पिनमध्ये घालून बाहेर काढायला शिकवतात. तिथं हा आळस महागात पडतो. मला पंखाखालचीच टाकी पटते. नको त्या दिवशी काढून ठेवता येते, आणि विमान हलकं, चपळ होऊन पोराला शिकवायला मोकळं होतं.

काढून ठेवलेल्या टाकीची निगा हा वेगळाच उद्योग. अर्धवट तेल ठेवून टाकी दमट हवेत राहिली की आत पाणी धरतं. पाणी तळाला, तेल वर. आणि त्या दोहोंच्या सीमेवर केरोसिनवर पोसणारी एक बुरशी वाढते. काळपट, बुळबुळीत. ती गाळण्या तुंबवते आणि धातूही खाते. म्हणून ड्रेन उघडून काचेच्या बाटलीत तेल घ्यायचं, उजेडासमोर गरगर फिरवायचं. तळाशी मण्यासारखा थेंब लोळला की ते पाणी. स्वच्छ, चकचकीत नमुना येईपर्यंत काढत राहायचं, आणि मगच फॉर्म 700 वर, म्हणजे विमानाच्या नोंदवहीवर, सही करायची.

आता किरण उतारवयाला लागलं आहे. शिकायला पिलाटस विमानं आली, एचटीटी-40 येते आहे, आणि तिच्या उत्पादनाची एक फळी आपल्या नाशिकला उभी राहिली आहे. कागल, गडहिंग्लज, आजऱ्याची पोरं अजून हवाई दलात भरती होतात. त्यातली काही माझ्याकडं येऊन बसतात, विचारतात, मी सांगतो. पण उडायला शिकणाऱ्या कॅडेटांबद्दल माझं एक मागणं आहे. त्यांना विमान हवाली करण्याआधी एक अख्खी सकाळ पंखाखाली बसवा. झाकणाच्या कडीवरून बोट फिरवू द्या, स्वे ब्रेसचा स्क्रू आवळू द्या, बाटलीतला थेंब बघू द्या. एक भरलेली आणि एक रिकामी टाकी जोडून पंख जमिनीवरच किती कलतो, ते त्यांना दाखवा. पुढं हवेत दांडी हाताला जड लागली, तर स्वतःला दोष देण्याआधी पोराची नजर टाकीच्या काट्याकडं जाईल.