आपट्याचं घर बदललं

बीएस्सीच्या सुट्टीत शिरड शहापूरला आलो की हर्बेरियमसाठी पानं गोळा करायची, रद्दीच्या घडीत दाबायची आणि वर आईचा पाटा ठेवायचा. मसाला वाटायची वेळ झाली की आई पाटा घेऊन जायची. पानं आखडायची.

बेंथॅम आणि हूकर यांच्या मांडणीत शेंगवर्गीयांची तीन घरं होती: पळसाचं, बाभळीचं, चिंचेचं. चिंचेच्या घरात आपटा आणि बहावाही. सगळं फुलांच्या रूपावरून ठरलेलं. दोन पुस्तकांतल्या मांडण्या जुळवायच्या तर एकातला एकेक गट दुसऱ्यात बोटाने शोधायचा. वीज गेली की कंदील घेऊन.

यंदा दसऱ्याला पुतणीने लॅपटॉप उघडला. २०१७ मध्ये जगभरच्या अभ्यासकांनी डीएनएच्या आधारे सहा उपकुळं केली. आपटा एका घरी गेला, चिंच दुसऱ्या, आणि बहाव्याच्या घरात आली चक्क बाभूळ! सोनं म्हणून हातात आलेलं आपट्याचं पान मी उगाच उलटून पाहिलं.

एका मांडणीत आहेत आणि दुसरीत नाहीत असे गट मोजायचे, हे फरकाचं माप रॉबिन्सन आणि फोल्ड्स यांनी १९८१ मध्ये मांडलं. खरी गंमत विल्यम डे यांच्या १९८५ च्या युक्तीत. मांडणी वृक्षासारखी काढली की जाती त्याची पानं. जुन्या वृक्षातल्या क्रमाने त्यांना आकडे द्यायचे: चिंच १, आपटा २, बहावा ३, बाभूळ ४, पळस ५. मग जुना प्रत्येक गट सलगच येतो. चिंचेचं घर १ ते ३. त्याची तक्त्यात नोंद. नव्या गटाचं एवढंच बघायचं: सर्वांत लहान आकडा, सर्वांत मोठा आणि पानं किती. सलग नसेल तर तिथेच बाद. बहावा-बाभूळ ३ ते ४. सलग खरा, पण तक्त्यात नाही. जुना एक गट मोडला, नवा एक झाला, अंतर २. पानं दुप्पट झाली तर काम दुप्पटच. माझ्या बोटाला ते चौपट पडायचं.

पुतणीने हजारो पानांचे दोन वृक्ष माझा चहा निवायच्या आत जुळवले. मग मी माळ्यावरून माझी फाइल काढली. तिने वरची चिठ्ठी वाचली: मुक्काम शिरड शहापूर, जिल्हा परभणी.

"काका, हिंगोली ना?"

चिठ्ठी १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा होण्याच्या आधीची. आत आपट्याचं पान तपकिरी होऊन चिंचेशेजारीच चिकटलेलं होतं.